डावी आघाडी हरली, हे समजू शकतं. पण ती विरघळली कशामुळे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पश्चिम बंगालमध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या नेतृत्वाखालच्या डाव्या आघाडीने सलग ३४ वर्षं राज्य केलं, कसणाऱ्याला हक्क दिला, गावोगावी पंचायती उभ्या केल्या. तरी २०११ ला सत्ता गेली आणि २०२१ ला विधानसभेत एकही आमदार उरला नाही. मधल्या काळात त्रिपुराही गेलं. मग लोकांना पुरोगामी राजकारण नकोसं झालंय का? आणि तसं असेल तर वर्ग, जात, कामगार ही भाषा बाजूला ठेवून ‘लाडकी बहीण’सारख्या योजनांच्या वाटेने जावं का?

मी असंघटित कामगारांच्या संघटनेत बरीच वर्षं पूर्णवेळ काम केलं आहे, आता मुख्यतः नव्या कार्यकर्त्यांची शिबिरं घेतो. बंगाल, केरळ इथल्या साथींशी जाणं-येणं राहिलं. त्यामुळे माझी नजर संघटनेच्या बाजूने जाते हे आधीच सांगतो. अर्थतज्ज्ञ कदाचित वेगळी कारणं पुढे ठेवेल, आणि तीही खोटी नसतील.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळले आहेत. निवडणूक का हरली, हा एक. हरल्यानंतर पक्ष का टिकला नाही, हा दुसरा, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा. २०११ ला डावी आघाडी २९४ पैकी ६२ जागांवर आली, पण मतं किती होती? सुमारे ४१ टक्के. म्हणजे ज्या दिवशी सत्ता गेली त्या दिवशीही दहातले चार मतदार त्यांच्यासोबत होते. तिथून २०१४ च्या लोकसभेला ३० टक्के, २०१९ ला साडेसात आणि २०२१ ला पाचेक टक्के. केरळमध्ये डावी आघाडी कित्येकदा हरली, पण अशी विरघळली नाही. म्हणून ‘लोकांनी नाकारलं’ एवढ्यावर थांबू नका.

परिस्थितीचा भागही मोठा आहे, तो मान्य करूनच पुढे जाऊ. राज्य सरकारच्या हातात मुळात फार थोडं असतं. कोळसा आणि पोलाद देशभर एकाच भावाने पोचवायचं केंद्राचं मालवाहतूक धोरण चाळीसेक वर्षं चाललं, त्यात पूर्व भारताला खाणीजवळ असल्याचा फायदाच उरला नाही. उद्योगांचे परवाने दिल्लीत मिळत. १९९१ नंतर राज्यांना गुंतवणुकीसाठी एकमेकांशी स्पर्धा करावी लागली. या चौकटीत कोणतंही डावं राज्य सरकार अडचणीत येणारच होतं. पण अडचणीत येणं वेगळं आणि आपल्याच माणसांना परकं होणं वेगळं.

आता मुळाकडे जाऊ. १९७८ साली ‘ऑपरेशन बर्गा’ सुरू झालं. बटाईने शेती कसणाऱ्याला बंगालमध्ये बर्गादार म्हणतात. कायद्याने त्याला आधीच संरक्षण होतं: बी-बियाणं, खत त्याने घातलं तर पिकाचा तीन चतुर्थांश वाटा त्याचा, आणि मनमानीने जमिनीवरून काढायचं नाही. अडचण एवढीच होती की तो बर्गादार आहे याची नोंद कुठेच नव्हती, आणि जमीनमालकासमोर तहसिलात उभं राहून ‘मी कसतो’ म्हणायची छाती नव्हती. सरकारने काय केलं, तर महसुली अधिकाऱ्यांना कचेरीतून उठवून गावात पाठवलं. संध्याकाळी, माणसं शेतातून परतल्यावर, बर्गादारांच्या वस्तीतच बैठक. कोण कुणाची जमीन कसतो ते सगळ्यांसमोर बोलायचं, यादी गावात लावायची, हरकती गावातच ऐकायच्या आणि दाखला हातात द्यायचा. एकटा माणूस जे बोलला नसता ते वीस जणांसोबत बसून बोलला. अशा सुमारे १४-१५ लाख नोंदी झाल्या.

ही पद्धत मी प्रत्येक शिबिरात सांगतो, कारण तिच्यात कायदा, सरकार आणि संघटना तिघं आपापल्या जागी होते. कायदा आधीच होता, सरकारने यंत्रणा दिली, आणि डाव्यांच्या शेतकरी संघटनेने, किसान सभेने, भीती मोडली. यातला एक जरी नसता तरी दाखले निघाले नसते.

त्याच साली तीन स्तरांच्या पंचायतींच्या निवडणुका पक्षचिन्हांवर झाल्या. देशभरच्या पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती यायला अजून चौदा-पंधरा वर्षं होती. गावच्या सत्तेत जमीनदाराऐवजी छोटा शेतकरी, प्राथमिक शिक्षक येऊन बसला. हे खरं होतं, मोठं होतं, आणि पुढच्या निवडणुका डावी आघाडी त्याच बळावर जिंकत राहिली.

मग बिघडलं कुठे? यशस्वी सुधारणा तिचा लाभ घेणाऱ्या माणसाचाच प्रश्न बदलते. १९८० साली बर्गादाराचा प्रश्न होता, ‘मला जमिनीवरून काढतील का?’ २००० साली त्याच्या मुलाचा प्रश्न होता, ‘या एकरभर जमिनीवर आम्ही तिघा भावांनी काय करायचं?’ मुलगा दहावी-बारावी झालेला, जमीन भावाभावांत वाटली गेलेली, जवळपास कारखाना नाही, आणि प्राथमिक शाळेतून मधल्या काळात इंग्रजी काढून टाकलेलं. बापाला मिळालेल्या दाखल्यात मुलाच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

हे मला आमच्या कामात फार जवळून दिसलं. घरकामगार महिलांची वस्तीतली बैठक होती. कल्याण मंडळाची नोंदणी, रेशनकार्ड, सणाचा बोनस या सगळ्यासाठी त्या बायका आमच्यासोबत भांडल्या होत्या आणि बरंचसं पदरात पडलं होतं. एक ताई प्लास्टिकच्या पिशवीतून सगळे कागद काढून म्हणाल्या, ‘दादा, हे सगळं झालं. आता पोरीला नर्सिंगला घालायचंय, त्याचं काय ते सांगा.’ त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आम्ही जिंकून दिलेल्या पायरीवर उभं राहून त्या पुढची पायरी विचारत होत्या. अशा वेळी तुमच्याकडे उत्तर नसलं तरी चालतं, प्रश्न ऐकू आला पाहिजे. बंगालमध्ये तो ऐकू येणंच बंद झालं होतं.

तो का बंद झाला, याचं उत्तर पक्ष आणि सरकार यांच्यातलं अंतर मिटण्यात आहे. ज्या संघटनेने बर्गादाराची भीती मोडली, तीच पुढे सरकारचा हात झाली. बियाणांचं किट, कर्जाची शिफारस, शाळेतली नोकरी, बांधावरचा तंटा, नवरा-बायकोचं भांडण, सगळं पक्षाच्या लोकल कमिटीच्या कार्यालयातून जायला लागलं. सुरुवातीला ही सोयच होती, कारण पूर्वी गरिबाला दारच नव्हतं. पण एकच दार असलं की दारावर बसलेल्या माणसाला नाराज करता येत नाही. लोक बैठकीला येत राहिले, मिरवणुकीला येत राहिले, मतंही देत राहिले. आतून ते सोबत आहेत की नाही, हे कळायची सोय मात्र पक्षाने स्वतःच बंद करून टाकली. २००६ ला डाव्या आघाडीला २९४ पैकी २३५ जागा मिळाल्या. इतक्या प्रचंड विजयानंतर अवघ्या पाच वर्षांत सत्ता गेली, आणि नेतृत्वाला आधी चाहूल लागली नाही ती यामुळे.

सिंगूरचा टाटांचा मोटार कारखाना याच प्रकाशात बघा. कारखाना हवा होता, हे माझ्या मते बरोबरच होतं. बर्गादाराच्या मुलाच्या प्रश्नाचं ते एक उत्तर होतं. पण सुमारे ९९७ एकर सुपीक जमीन घेतली ती १८९४ च्या, इंग्रजांच्या भूसंपादन कायद्याने. नोंद असलेल्या बर्गादारांना जमिनीच्या किमतीच्या २५ टक्के भरपाई ठरली. ज्यांची नोंद झाली नव्हती ते बर्गादार आणि त्या रानात रोजाने राबणारे शेतमजूर यांना त्या भरपाईत जागा नव्हती. १९७८ ला संध्याकाळी वस्तीत बसून माणसं मोजणारं सरकार आता सातबाऱ्यासारख्या उताऱ्यावरून माणसं मोजत होतं. तशीच बैठक २००६ ला सिंगूरमध्ये घेतली असती तर कारखाना वाचला असता की नाही, मला सांगता येणार नाही, पण सरकारला विरोध किती आहे आणि कुणाचा आहे ते तरी कळलं असतं. पुढे १४ मार्च २००७ ला, भूसंपादनाच्याच विरोधात उठलेल्या नंदीग्राममध्ये पोलीस गोळीबारात १४ माणसं मेली. शेतकऱ्यांच्या पक्षाच्या सरकारने शेतकऱ्यांवर गोळ्या चालवल्या, यातून तो पक्ष पुन्हा वर आला नाही. टाटांनी ऑक्टोबर २००८ मध्ये प्रकल्प गुजरातला, साणंदला हलवला, आणि २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने सिंगूरचं संपादन रद्द करून जमीन परत करायला सांगितलं.

आता विरघळण्याचं. सत्ता गेल्यावर ते एकच दार तसंच राहिलं, फक्त दारावरचा माणूस बदलला. सत्तेत आलेल्या तृणमूल काँग्रेसने ती रचना मोडली नाही, ताब्यात घेतली. २०१८ च्या पंचायत निवडणुकीत जवळपास एक तृतीयांश जागा बिनविरोध गेल्या, कारण अर्ज भरायला जाणंच धोक्याचं होतं. डाव्यांच्या साध्या समर्थकाला प्रश्न पडला की आता मला वाचवणार कोण. त्याला दिल्लीत सत्ता असलेला पक्ष दिसला. २०१४ ला १७ टक्के मतं असलेला भाजप २०१९ ला ४० टक्क्यांवर गेला, त्यात डाव्यांची मतं किती होती हे वरच्या आकड्यांतूनच दिसतं. तेव्हा बंगालमध्ये ‘आधी राम, मग बाम’ असं बोललं जायचं, बाम म्हणजे डावे. माणसांनी विचार बदलला असं मला वाटत नाही. तीस वर्षं पक्षाशी त्यांचं नातं संरक्षणाचं होतं. पक्ष संरक्षण देईनासा झाल्यावर नात्यात काही उरलं नाही.

जातीचा मुद्दा महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळा सांगायची गरज नसावी. बंगालच्या डाव्या नेतृत्वात वरच्या जातींच्या भद्रलोकांचं, म्हणजे सुशिक्षित मध्यमवर्गाचं, प्रमाण शेवटपर्यंत मोठं राहिलं. राज्यात एक चतुर्थांश मुस्लिम, आणि मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने सरकारी नोकऱ्यांत त्यांचा वाटा किती तुटपुंजा आहे ते समोर ठेवलं. मागास मुस्लिमांसाठी १० टक्के आरक्षणाची घोषणा झाली ती २०१० मध्ये, म्हणजे सत्तेच्या अगदी शेवटच्या वर्षात. आपल्याकडे धुळ्याचे शरद पाटील १९७८ लाच, ज्या वर्षी ऑपरेशन बर्गा सुरू झालं त्याच वर्षी, जातीच्या प्रश्नावर मार्क्सवादी पक्षातून बाहेर पडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढत होते. वर्गाबरोबर जातीचाही लढा लढावा लागेल हे त्यांचं म्हणणं होतं. ते तेव्हा ऐकलं असतं तर बरंच काही वेगळं घडलं असतं असं मला मनापासून वाटतं.

त्रिपुराबद्दल थोडक्यात. तिथे २०१३ ला डाव्यांना ६० पैकी ५० जागा होत्या, भाजपला एकही नव्हती. २०१८ ला डावे १६ वर. मार्क्सवादी पक्ष आणि भाजप यांच्या मतांत मात्र फरक जेमतेम एक-दीड टक्क्याचा. तिथला राग मुख्यतः सरकारी कर्मचारी आणि तरुणांचा होता. शेजारच्या राज्यांत सातवा वेतन आयोग लागला तेव्हा तिथे चौथ्याच आयोगाचा पाया होता, आणि १०,३२३ शिक्षकांच्या नेमणुका न्यायालयाने रद्द केल्या होत्या. तेव्हाचे मुख्यमंत्री माणिक सरकार व्यक्तिशः अत्यंत साधे, स्वच्छ. त्यावर कुणी बोट ठेवलं नाही. पण मुख्यमंत्र्याचा साधेपणा तरुणाच्या नोकरीची जागा घेऊ शकत नाही. याहून मला जास्त बोचतं ते हे की जो पक्ष तिथे १९४० च्या दशकातल्या आदिवासींच्या साक्षरता चळवळीतून वाढला, त्याला २०१८ मध्ये आदिवासींसाठी राखीव २० पैकी दोनच जागा मिळाल्या.

केरळ का टिकलं? सगळ्यात सोपं कारण म्हणजे तिथे लोकांनी दर पाच वर्षांनी सत्ता काढून घेतली. १९८० च्या दशकापासून २०२१ पर्यंत कोणतंही सरकार लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून आलं नव्हतं. विरोधात बसल्यावर पक्षाला पुन्हा लोकांत जावं लागायचं, संघटनेला सरकारची सावली सोडावी लागायची. दुसरं कारण १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेत आहे. राज्याच्या योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग पंचायती आणि नगरपालिकांकडे गेला, मग तिथे कोणत्याही पक्षाची सत्ता असो. १९९८ ची ‘कुटुंबश्री’ ही महिला गटांची योजनाही तशीच, काँग्रेसचं सरकार आल्यावर ती बंद पडली नाही, कारण त्या महिलांच्या गटांमागे स्थानिक स्वराज्य संस्था उभ्या होत्या. म्हणजे दारं अनेक होती. सलग सत्तेत राहिल्यावर केरळच्या पक्षालाही बंगालचा धोका आहे, हे तिथले जुने साथी खाजगीत बोलतात आणि मला ते पटतं.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर येतो. खात्यात पैसे देणाऱ्या योजनांना ‘भीक’ म्हणणं बंद करायला हवं. बंगालमधली ‘लक्ष्मीर भांडार’ २०२१ ला सुरू झाली, आपल्याकडची ‘लाडकी बहीण’ २०२४ ला, महिना १,५०० रुपये. ज्या बाईच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे पैसे आले, तिला ‘तू विकली गेलीस’ म्हणणारा माणूस तिच्या बाजूचा असूच शकत नाही. घरकामगार बायकांत बसलात तर त्या पैशाचा गॅस, मुलांची फी, औषधं कशी झाली ते ऐकाल.

पण त्या वाटेने स्पर्धा करावी असंही मला वाटत नाही. तुम्ही २,००० म्हणाल, समोरचा २,१०० म्हणेल, आणि ज्याच्या हातात तिजोरी तोच जिंकेल. पुरोगामी राजकारणाचं काम वेगळं आहे: देणगीचा हक्क करणं, आणि त्या हक्काची राखण करणारी माणसांची संस्था उभी करणं. महाराष्ट्रातली रोजगार हमी आठवा. १९७२ च्या दुष्काळात हजारो माणसं कामं मागत रस्त्यावर आली, वि. स. पागे यांनी कल्पनेला योजनेचं रूप दिलं, आणि १९७७ ला कायदा झाला. काम मागितलं तर द्यावंच लागेल, नाही दिलं तर भत्ता. तालुक्याच्या कचेरीवर मोर्चा नेणाऱ्या बाईला मेहेरबानी मागावी लागत नव्हती, ती कायद्याचं कलम सांगत होती. याच अनुभवावर पुढे २००५ चा देशव्यापी कायदा उभा राहिला, आणि तेव्हा केंद्रातलं सरकार ६० च्या आसपास डाव्या खासदारांच्या पाठिंब्यावर होतं. सत्तेत न बसता इतकं मोठं काम झालं, हे आपण फार लवकर विसरलो.

दुसरं उदाहरण माझ्या रोजच्या कामातलं, १९६९ चा माथाडी कायदा. हमालाला एक मालक नसतो. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. मग भविष्य निर्वाह निधी कुणी भरायचा? कायद्याने मंडळ काढलं. टोळीची नोंद मंडळात, व्यापाऱ्याची नोंदही मंडळात. व्यापारी हमाली आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, मंडळात भरतो, मंडळ पगार देतं आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी होतं. मंडळावर कामगारांचेही प्रतिनिधी बसतात. लेव्ही थकली तर टोळीतल्या माणसाला आधी कळतं, कारण फटका त्यालाच बसतो. गेल्या पन्नासहून जास्त वर्षांत किती सरकारं आली-गेली, मोडतोडीचे प्रयत्नही झाले, पण कायदा उभा आहे. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्या निघाल्या, हेही खरं, आणि त्याचा बंदोबस्त व्हायलाच हवा. तरीही जेवण पोचवणाऱ्या, गाडी चालवणाऱ्या आजच्या ॲपवरच्या कामगारांसाठी याहून चांगला नमुना मला दिसत नाही. राजस्थानने २०२३ ला त्यांच्यासाठी देशातला पहिला कायदा केला, प्रत्येक व्यवहारावर अधिभार आणि कल्याण मंडळ अशी त्याची मांडणी आहे. काही महिन्यांत सरकार बदललं आणि अंमलबजावणी रेंगाळली. मागे माथाडींसारखी संघटना उभी राहिलेली नव्हती, एवढा फरक.

थोडक्यात माझं म्हणणं असं: बंगालमध्ये सुधारणा चुकीच्या नव्हत्या. त्या मिळवून देणारी संघटना सरकारमध्ये विरघळली, पुढच्या पिढीचा प्रश्न ऐकू येईनासा झाला, आणि सत्ता गेल्यावर लोकांच्या हातात त्यांची स्वतःची म्हणावी अशी संस्था उरली नाही.

तुम्ही विद्यार्थी संघटनेत आहात आणि ‘आम्ही नेमकं काय करू’ असंही विचारलंय. घोषणापत्र लिहायच्या आधी तुमच्या भागातलं एक काम निवडा: डिलिव्हरी, सफाई कंत्राट, कोचिंग क्लासमधले तासिकेवरचे शिक्षक, काहीही. त्या माणसांची सुट्टी कधी होते ते बघा आणि त्या वेळेला त्यांच्या जागी जाऊन बसा. पैसे कोण देतं, कापतं कोण, अपघात झाला तर काय, हे सगळ्यांसमोर बोलू द्या आणि लिहून घ्या. जात, धर्म, बाई-पुरुष यांनी कामाच्या वाटपात काय फरक पडतो तेही लिहा, नाहीतर निम्मं चित्र सुटेल. संघटना झाली तर तिच्या घटनेत पहिल्याच दिवशी दोन गोष्टी घाला. पदाधिकारी ठरावीक मुदतीनंतर बदलतील, आणि उद्या आपल्या विचाराचं सरकार आलं तरी त्याच्या विरोधात मोर्चा काढायचा अधिकार संघटनेकडे राहील. दुसऱ्या कलमावर तुमच्यातच वाद होईल. तो होऊ द्या, आणि मतदान घेऊन मिटवा.